वगळलेली पोटनिवडणूक

शेवगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त अव्वल कारकून राहायचे. तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत त्यांची सारी नोकरी गेली. गल्लीतले लहानथोर त्यांना भाऊसाहेब म्हणत. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. रविवारी चर्चमधून आले की ते जेवत, थोडे लवंडत आणि मग टेबलावर एक जाड वही उघडून बसत. अशा अकरा वह्या त्यांच्या कपाटात होत्या. आपल्या राज्यात अगदी पहिल्यापासून लोकसभेला आणि विधानसभेला कोण कुठून उभं राहिलं, कोण आलं, कोण पडलं, किती मतांनी पडलं, कुणाची अनामत जप्त झाली, हे सगळं त्यांनी मतदारसंघवार हातानं लिहून ठेवलं होतं.

माझी त्यांची ओळख निवडणुकीच्याच कामात झाली. मी शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि पहिल्याच वर्षी मला मतदानाची ड्यूटी आली. तेव्हा मतपेट्या होत्या. तहसीलच्या आवारात साहित्य घेताना मी पेटी नुसती उलटसुलट करून पाहत होते, कारण पेटी बंद कशी करायची हे प्रशिक्षणात माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. भाऊसाहेबांनी मला बाजूला बोलावलं, लिंबाखाली बसवलं आणि तीनदा पेटी उघडायला आणि बंद करायला लावली.

"घाई करू नका, बाई," ते म्हणाले. "एकदा बंद झाली की आतलं सगळं लोकांचं हाय. आपलं त्यात काई न्हाई."

पुढं माझं लग्न होऊन मी त्यांच्याच गल्लीत आले. नोकरी मात्र आता लांब गेली. मी ज्या शिक्षणसंस्थेत होते तिची एक शाखा जामखेड तालुक्यात होती, तिथं माझी बदली झाली. रोज जाऊन येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिथं खोली घेतली. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की दोन एसट्या बदलून संध्याकाळी शेवगावला यायचं, आणि सोमवारी पहाटे निघायचं. मुलगी झाली, तिला सांभाळायला सासूबाई होत्या. मी शनिवारी घरी आले की ती आधी लाजायची, आजीच्या पदराआड जायची. रविवारी दुपारपर्यंत माझ्याशी बोलायला लागायची आणि दुसऱ्या दिवशी मी निघून जायची. दरवर्षी मी शेवगावला बदली मागायची. अर्ज कुठं जायचा कुणास ठाऊक.

रविवारी दुपारी मुलगी झोपली की मी तासभर भाऊसाहेबांकडे जायची. माझं अक्षर बरं होतं. त्यांचा हात कापायला लागला होता, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. कामाची त्यांची एक पद्धत होती. सार्वत्रिक निवडणुकांचे निकाल छापील मिळत, त्याला फार कष्ट नव्हते. खरं काम पोटनिवडणुकांचं. एखादा आमदार मधेच वारला किंवा राजीनामा देऊन बसला की तेवढ्या एका जागेसाठी निवडणूक व्हायची, आणि तिचा निकाल वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत यायचा. ते शोधायला भाऊसाहेबांनी कितीतरी सुट्ट्या नगरच्या वाचनालयात घालवल्या होत्या. दुसऱ्या जिल्ह्यांच्या निवडणूक शाखांना ते पत्रं लिहीत, सोबत उत्तरासाठी पाकीट जोडत. विदर्भातल्या एका निकालासाठी तर त्यांनी पाच वर्षं पत्रव्यवहार केला होता. पोटनिवडणुका ते हिरव्या शाईनं लिहीत.

"ह्या हिरव्या ओळी दुसऱ्या कुणाजवळ न्हाईत," असं एकदाच ते म्हणाले होते. बढाई मारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी आली. घराणं राजकारणातलं. त्यांचे वडील आमच्या भागातून वर्षानुवर्षं आमदार होते. एकसष्टीनिमित्त संस्थेनं काही पुस्तकं काढायची ठरवलं, आणि कुणीतरी भाऊसाहेबांच्या वह्यांचं नाव काढलं. मला त्या वह्यांची माहिती आहे हे कळल्यावर संपादनाचं काम माझ्याकडे आलं. मी भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी उठून कपाट उघडलं आणि अकराही वह्या टेबलावर माझ्यापुढं ठेवल्या.

"जपून न्या," एवढंच म्हणाले.

बसस्टँडजवळच्या एका दुकानात मजकूर संगणकावर घेण्याचं काम सुरू झालं. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी रोज तिथं बसून एकेक आकडा वहीशी ताडून पाहायची. काम जवळजवळ संपलं होतं तेव्हा संस्थेच्या सचिवांनी मला कार्यालयात बोलावलं. बोलायला ते गोड होते. चहा मागवला, मुलीची चौकशी केली.

"मॅडम, एक बारीकसं काम आहे," ते म्हणाले. "आपल्या मतदारसंघाचं पान मी पाहिलं. त्यात मधे एक निकाल आहे. थोरल्या साहेबांचा."

कुठला निकाल ते मला लगेच समजलं. अध्यक्षांच्या वडिलांनी एकदा कालव्याच्या पाण्यावरून सरकारशी बिनसल्यामुळं आमदारकीचा राजीनामा दिला होता. लोक पुन्हा आपल्यालाच निवडून देतील आणि आपलं वजन वाढेल, असा त्यांचा हिशेब असावा. पोटनिवडणूक लागली. त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा एका खेड्यात शिवणकाम करणारा एक माणूस उभा राहिला. सायकलवरून प्रचार केला आणि थोड्याच मतांनी का होईना, निवडून आला. दीडेक वर्ष तो आमदार होता. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत थोरले साहेब पुन्हा उभे राहिले, जिंकले आणि मग कधी पडले नाहीत. तो माणूस परत आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसला.

"सगळीकडे सलग आमदार असा उल्लेख असतो साहेबांचा," सचिव म्हणाले. "त्यांच्या मुलाच्या सत्कारात हे कशाला? काढून टाका तेवढं."

"पण निकाल आहे तो," मी म्हणाले. "मधलाच एक कसा काढणार? विचारतील लोक."

"ते तुम्ही बघा. तुम्ही संपादक आहात." त्यांनी टेबलावरची एक फाईल पुढं ओढली. "आणि हो, तुमचा बदलीचा अर्ज आलाय माझ्याकडे. शेवगावच्या शाळेत एक जागा होतेय जूनपासून."

दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडल्या नाहीत. तशी गरजही नव्हती. चहा पिऊन मी बाहेर आले.

तो मार्ग मी स्वतः शोधून काढला, हे मला लिहायला हवं. सचिवांनी तो सांगितला नव्हता. एकच निकाल काढला असता तर तो गाळलेला म्हणून दिसला असता. म्हणून मी राज्यभरातल्या सगळ्या पोटनिवडणुका काढल्या. हिरव्या शाईची एकेक ओळ. विदर्भातली ती पाच वर्षांच्या पत्रव्यवहाराचीही. प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य घातलं: 'जागेअभावी पोटनिवडणुकांचे निकाल येथे घेतलेले नाहीत.' वाक्य इतकं साधं होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं. दुकानातल्या माणसानं विचारलं, "बाई, टाईप करून झालेलं काढायचं का?" मी हो म्हणाले.

भाऊसाहेबांना मी छापायच्या आधी सांगायला हवं होतं. वह्या त्यांच्या होत्या. ते नको म्हणाले असते, वह्या परत घेऊन गेले असते आणि पुस्तक तिथंच थांबलं असतं. म्हणूनच मी सांगितलं नाही.

जूनमध्ये मी शेवगावच्या शाळेत रुजू झाले. मुलगी त्याच वर्षी पहिलीत गेली. तिला शाळेत सोडून मी माझ्या शाळेत जायची. तिची वेणी मी घालायची. ते सुख खोटं नव्हतं आणि त्याबद्दल आजही मला खोटं बोलता येणार नाही.

पुस्तकाच्या प्रकाशनाला भाऊसाहेबांना व्यासपीठावर खुर्ची होती. शाल, नारळ सगळं झालं. ते पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते, उघडत नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुपारी त्यांच्याकडे गेले तेव्हा पुस्तक टेबलावर होतं आणि त्यांनी ते पूर्ण चाळलं होतं हे उघड होतं.

"बाई, सगळ्याच काढल्या?"

"जागेचा प्रश्न होता, भाऊसाहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जाहिराती हायेत शेवटी. सोळा पानं." मग म्हणाले, "एक काढायची हुती, म्हनून सगळ्या काढल्या. व्हय ना?"

ते रागावले असते तर मला रडता आलं असतं, कदाचित सगळं सांगताही आलं असतं. त्यांनी नेहमीसारखा चहा केला. वह्या परत आणून द्या म्हणाले, एवढंच. संध्याकाळी मी त्या नेऊन दिल्या. त्यानंतरही मी अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिले. मुलगी कितवीत गेली विचारत, शाळेचं विचारत. पण वही काही माझ्यासमोर उघडली नाही. पुढच्या विधानसभेचा निकाल लागला तेव्हा तो त्यांनी कुणाकडून लिहून घेतला, की लिहिलाच नाही, मला माहीत नाही. चार वर्षांनी ते गेले. त्या चार वर्षांत मला किती वेळा संधी होती. गल्लीच्या दोन टोकांना तर घरं होती आमची.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एके दुपारी दारात सत्तरीच्या बाई उभ्या. पारनेरहून आल्या होत्या, सोबत कुणी नाही. हातात पिशवी, पिशवीत माझं पुस्तक. कुठल्याशा शाळेच्या वाचनालयातलं, शिक्का मारलेलं.

"हे तुमीच लिव्हलं ना?" त्यांनी विचारलं. "आमच्या दादांचं नाव घावत न्हाई ह्यात."

त्यांना बसवलं, पाणी दिलं. शिवणकाम करणाऱ्या त्या आमदाराच्या या धाकट्या कन्या. वडिलांना त्या दादा म्हणत. त्यांची नात नगरला कॉलेजात होती. आपले पणजोबा आमदार होते असं तिनं मैत्रिणींना सांगितलं, तर मैत्रिणींनी तिथंच मोबाईलवर शोधलं. त्या मतदारसंघाची यादी निघाली, तीत थोरल्या साहेबांचं नाव वरपासून खालपर्यंत सलग. यादीखाली आधार म्हणून माझ्या पुस्तकाचं नाव. मुली हसल्या. नात घरी येऊन म्हणाली, आजी, तू सांगतेस ते खरं आहे का?

"मीबी आता म्हातारी झाले," त्या म्हणाल्या. "मला वाटाया लागलं, माझंच काई चुकत आसंल. पन दादांच्या अंगावरचा गुलाल मी धुतलाय. बादलीभर पानी लाल झाल्तं."

"ती पोटनिवडणूक होती, ताई," मी म्हणाले. "पुस्तकात पोटनिवडणुका घेतलेल्या नाहीत."

"मंग दादांची तेवढीच हुती," त्या म्हणाल्या.

मला त्या क्षणी सांगता आलं नाही. मी म्हणाले, मूळ वह्यांत निकाल आहे, आपण मिळवू. त्या गेल्यावर भाऊसाहेबांच्या मुलीचा नंबर शोधून पुण्याला फोन केला. तिनं ओळखलं, आनंदानं बोलली. वह्यांचं विचारल्यावर म्हणाली, "अहो, त्या सात-आठ वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा रद्दीत दिल्या काढून. ठेवायला जागा नव्हती. आणि म्हटलं, तुमचं पुस्तक आहेच की त्याचं."

फोन ठेवून मी गॅस बंद केला. दूध उतू गेलं होतं.

मग मी ठरवलं की निकाल छापील स्वरूपात शोधायचा. त्या बाईंना फोन केला. त्या पारनेरहून, मी शेवगावहून, अशा आम्ही दोघी नगरला वाचनालयात भेटलो. महिना त्यांना नक्की आठवत नव्हता. ज्वारीची काढणी चालली होती एवढं आठवत होतं. त्यावरून आम्ही वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली काढायला लागलो. पानं इतकी जुनी की उलटताना कडा हातात यायच्या. पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला आतल्या पानावर, कापसाच्या भावाशेजारी, चार ओळी होत्या. त्यांच्या वडिलांचं नाव, थोरल्या साहेबांचं नाव, मतांचे आकडे. बाईंनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी मोबाईलवर फोटो काढले.

बाहेर येऊन आम्ही बसस्टँडवर चहा घेतला. त्या खुशीत होत्या, वडिलांचं सांगत होत्या. आमदार झाल्यावर त्यांनी गावाला मुक्कामी एसटी चालू करून घेतली होती. मुंबईला अधिवेशनाला जाताना स्वतः शिवलेला कोट घालून जात. परत मशीनवर बसले तेव्हा काही लोक मुद्दाम कापड शिवायला आणत आणि 'आमदारसाहेब, बाही जरा आखूड करा' असं म्हणून हसत. दादा बाही आखूड करून देत.

ते ऐकल्यावर मला गप्प राहणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, "ताई, ती ओळ जागेअभावी गेली नाही. माझ्याकडे ती टाईप झालेली होती. मी काढली. संस्थेनं सांगितलं म्हणून, आणि मला बदली हवी होती म्हणून."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कशासाटी पायजे हुती बदली?"

"मुलगी लहान होती. सहा वर्षांची. मी जामखेडकडे होते, ती शेवगावला."

"सहा वर्साची," त्या म्हणाल्या. मग मान हलवली. "पोरीसाटी केलं तर केलं. मला आता त्याचा राग न्हाई येत. लई वर्सं झाली." त्यांनी विचारलं, "ज्यांच्या वह्या हुत्या, त्यास्नी सांगितलं का तुमी?"

"नाही."

"सांगायला पायजे हुतं, बाई."

त्यांची गाडी लागली. मी पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून त्यांनी हात केला.

घरी येऊन मी ती इंटरनेटवरची यादी चालवणाऱ्यांना फोटोसह पत्र पाठवलं. आठवड्याभरात उत्तर आलं, सभ्य भाषेत. वर्तमानपत्राचं कात्रण एकटं पुरेसं धरता येत नाही, प्रकाशित ग्रंथातली माहिती याहून वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथाचं नाव, पानाचा क्रमांक आणि संपादकाचं नाव त्यांनी दिलं होतं.

मी दुसरं पत्र लिहिलं. त्या ग्रंथाची संपादक मीच आहे, हा निकाल माझ्याकडे होता आणि मी तो समजून उमजून वगळला, असं त्यात स्पष्ट लिहिलं. खाली सही केली. आमच्या तालुक्यातल्या शाळांमध्ये पुस्तकाच्या ज्या प्रती आहेत, तिथंही एकेक करून जाते आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेते आणि त्या पानावर निकालाची चिठ्ठी चिकटवते. सहा शाळा झाल्या. एका शाळेत तरुण मुख्याध्यापिकेनं विचारलं, "मॅडम, आता इतक्या वर्षांनी कोण बघणार आहे हे?" मी तिला पारनेरच्या त्या बाईंची आणि त्यांच्या नातीची हकीकत सांगितली.

राज्यातल्या बाकीच्या पोटनिवडणुकांचं मात्र माझ्याच्यानं काही होणार नाही. ते सारं भाऊसाहेबांच्या हातचं होतं. विदर्भातला तो निकाल कुठल्या गावचा, कोण जिंकलं होतं, हेसुद्धा मला आठवत नाही. एकेकाळी मी स्वतः तो तपासला होता, वहीशी ताडून, आणि मग काढायला सांगितला होता.